बागायतदारांच्या प्रश्नोत्तरांसाठी मुक्त सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड-वेंगुर्ले पट्ट्यातल्या आंबा-काजूवाल्यांच्या आमच्या गटाने प्रश्नोत्तरांसाठी स्वतःची जागा उभी केली, तेव्हापासून इतर गटांचे फोन येतात. कोणी मच्छीमार, कोणी होमस्टेवाले, कोणी नारळ-सुपारीवाले. प्रश्न मात्र थोड्याफार फरकाने तेच. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवले. मी संगणकातला तज्ज्ञ नव्हे. बाग सांभाळून हे करतो, आणि सल्लाही त्याच बेताचा आहे.

व्हॉट्सॲप ग्रुप आहे की! वेगळे काही कशाला?

ग्रुप राहू द्या, तो मोडायचा नाही. पण जानेवारी आला की "मोहर गळता, काय मारू?" हा प्रश्न किती वेळा येतो ते मोजून बघा. पहिल्या वर्षी एखादे जाणते काका सविस्तर उत्तर देतात: तुडतुडे आहेत का भुरी आहे ते आधी बघ, फांदी हलवून बघ, ढगाळ हवा किती दिवस होती ते सांग. दुसऱ्या वर्षी ते दोन ओळींत उरकतात. तिसऱ्या वर्षी गप्प बसतात, आणि मग औषधाच्या दुकानदाराचे उत्तर तेवढे उरते. आमचे खरे नुकसान हे झाले होते. उत्तर दिलेले होते, पण 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडले गेले होते.

शिवाय व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १०२४ च्या वर माणसे मावत नाहीत, आणि नव्याने आलेल्याला आधीचा सगळा साठा दिसत नाही.

प्रश्नोत्तराचे सॉफ्टवेअर म्हणजे नेमके काय वेगळे असते?

साध्या चर्चेत जो आधी बोलला तो वर आणि मागाहून आलेला खाली. प्रश्नोत्तरात एका प्रश्नाखाली उत्तरे असतात, वाचणारे मत देतात आणि चांगले उत्तर वर चढते. विचारणाऱ्याला एका उत्तरावर 'हे लागू पडले' अशी खूण करता येते. "माझ्याकडेही असेच झाले" छापाचे बोलणे उत्तरांत न मिसळता बारीक अक्षरात खाली राहते. प्रश्नाला विषयाच्या चिठ्ठ्या लावता येतात: भुरी, साका, फळमाशी, काजू ढेकण्या.

हा साचा जगभर रुळला तो २००८ साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोमुळे. त्यांचे सॉफ्टवेअर मात्र मुक्त नाही, म्हणून ते उचलून आपल्याकडे बसवता येत नाही. पुढे जे पर्याय येतात त्यांतले बरेचसे त्याच साच्याच्या ओढीने जन्मलेले आहेत.

मुक्त म्हणजे फुकट ना?

घ्यायला फुकट, चालवायला नाही. सर्व्हरचे भाडे, डोमेनचे वार्षिक पैसे आणि सांभाळणाऱ्याचा वेळ लागतोच. मुक्त म्हणजे त्याचा कोड उघडा असतो: वाचता येतो, बदलता येतो, आणि बनवणाऱ्याने उद्या दुकान बंद केले तरी आपल्याकडची प्रत कोणी काढून घेत नाही. कलमाचे झाड एकदा आपल्या जमिनीत लागले की नर्सरी बंद पडली तरी आंबा येतोच, तसे.

परवान्यांचे म्हणाल तर गटासाठी एवढे पुरे: जीपीएल असो वा अपाचे, आहे तसे वापरायला काही अट आड येत नाही. एजीपीएल असेल आणि तुम्ही कोडमध्ये बदल करून तो लोकांना नेटवरून वापरायला दिलात, तर बदललेला कोडही त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. आपल्याला त्याचे ओझे नाही.

पर्याय कोणकोणते?

आम्ही प्रत्यक्ष बसवून किंवा निदान उघडून पाहिलेले सांगतो.

क्वेश्चनटूआन्सर. गिडियन ग्रीनस्पॅन यांनी २०१० साली आणलेले. पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालते, म्हणजे ज्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) तुमच्या पतसंस्थेची वेबसाइट असेल तिथेही बसते. दिसायला जुनाट, पण पान हलके. मते, गुण, स्वीकृत उत्तर, चिठ्ठ्या सगळे पहिल्यापासून आत आहे. नव्या आवृत्त्या मात्र सावकाश येतात.

अपाचे आन्सर. यातले तरुण. सेगमेंटफॉल्ट या चिनी मंडळींनी बनवले आणि २०२३ मध्ये अपाचे फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या प्रकल्पांच्या रोपवाटिकेत, दिले. गो भाषेत लिहिलेले, डॉकरने (सगळे एकाच खोक्यात बांधून देणाऱ्या साधनाने) पटकन उभे राहते, आणि लहान गटाला तर एसक्यूलाइटची एक फाइलही डेटाबेस म्हणून चालते. एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: जोडण्या, म्हणजे प्लगिन, घालायच्या तर सॉफ्टवेअर त्या जोडण्यांसकट पुन्हा बांधून घ्यावे लागते. गूगलने लॉगिन हवे असेल तर तीही जोडणीच. जमणारा पोरगा गटात असेल तर अवघड नाही, नसेल तर तिथेच गाडी अडते.

डिस्कोर्स. २०१३ मध्ये आले, आणि यामागेही तेच जेफ ॲटवुड. मुळात चर्चेसाठी बनवलेले, पण 'उत्तर मिळाले' ही खूण आणि उत्तरांवर मत देण्याची सोय जोडणीने मिळते. सगळ्यांत तगडे आणि नियमित सुधारले जाणारे हेच. पण ते स्वतःचा सर्व्हर मागते: निदान १ जीबी रॅम आणि वर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा), २ जीबी असेल तर सुखाने चालते. आणि ईमेल पाठवण्याची पक्की सोय नसेल तर बसवतानाच अडून बसते.

आस्कबॉट पायथनमधले. एके काळी मोठमोठ्या मंडळींकडे होते, पण फेडोराची प्रश्नोत्तरे २०१९ मध्ये आणि लिबरऑफिसची २०२१ मध्ये त्यावरून डिस्कोर्सवर गेली. स्कूल्ड जावात आहे आणि त्याच्या मागे पॅरा नावाचे दुसरे इंजिन लागते. गावच्या गटाला तो पसारा नको. कोडिडॅक्टवाल्यांचे क्यूपिक्सेल मनापासून बनवलेले आहे, पण ते उभे करायला रूबी ऑन रेल्स येणारा माणूस हवा. वर्डप्रेसची साइट आधीच असेल तर ॲन्सप्रेससारखे प्लगिन पाहता येईल.

मग तुम्ही कोणते घेतले?

क्वेश्चनटूआन्सर. सगळ्यांत चांगले म्हणून नव्हे. आमच्या गटात पीएचपी जाणणारे दोघे आहेत, एक कणकवलीत आणि एक ठाण्यात, आणि रूबी किंवा गो जाणणारा कोणीच नाही. निवडीचा पहिला निकष हाच धरा: ऐन एप्रिलमध्ये रात्री दहाला साइट बंद पडली तर फोन कोणाला लावायचा आणि तो माणूस काय दुरुस्त करू शकतो. सोयींचे तक्ते त्यानंतर उघडा. गटात तसा कोणीच नसेल, पण वर्गणी नीट जमत असेल, तर पैसे भरून दुसऱ्याकडून चालवून घेतलेले डिस्कोर्स बरे. माझे हे मत पुष्कळांना पटत नाही, कारण स्वतःचे म्हणून बसवण्याची हौस असते.

सॉफ्टवेअर जिवंत आहे की मेलेले, हे कसे ओळखायचे?

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. पहिल्या खेपेला एक देखणी प्रणाली घेतली, नाव सांगत नाही. बसली, चालली, शंभरेक प्रश्नही जमा झाले. मग होस्टिंगवाल्याने त्याच्याकडची पीएचपीची आवृत्ती वाढवली आणि दुसऱ्या दिवशी पांढरे पान. बनवणाऱ्याला लिहिले तर उत्तरच नाही. शेवटचा बदल कित्येक वर्षांपूर्वीचा. हे आधी पाहायचे सुचले नव्हते.

आता आम्ही कोड जिथे ठेवलेला असतो तिथे जातो आणि तीन गोष्टी बघतो. शेवटची आवृत्ती कधी आली. बदल करणारा एकच माणूस आहे की चार-पाच. आणि लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींना कोणी निदान "बघतो" एवढे तरी म्हणते का. किती लोकांनी तारा, म्हणजे पसंतीची खूण, दिला याला अर्थ नाही; मेलेल्या प्रकल्पाचे तारे कोणी परत घेत नाही. ओएसक्यूए या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचे नाव अजून जुन्या यादींत सापडते, त्याच्या नादी लागू नका.

मराठी नीट चालते का?

दिसायला चालते. शोधायला गेलात की रडवते, आणि हा भाग कोणी तपासत नाही.

आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय लागला की तो आतूनच बदलतो. आंबा, आंब्यावर, आंब्याचा, आंबे. इंग्रजीसाठी शोधयंत्रणेत शब्दाचे मूळ काढण्याची सोय असते. मराठीसाठी ती या सॉफ्टवेअरांत तयार मिळत नाही. त्यामुळे 'आंबा' शोधणाऱ्याला 'आंब्यावर डाग पडलेत' हा प्रश्न सापडेलच असे नाही. त्यात मोहोर कोणी मोहर लिहितो, कोणी सरळ मोर. वर कीबोर्डाची गंमत आहे: 'वाऱ्याने' मधला ऱ्य एक जण एका तऱ्हेने टंकतो, दुसरा दुसऱ्या तऱ्हेने. डोळ्याला अक्षर एकच दिसते, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द होतात. आणि अर्धे लोक मराठीच, पण रोमन लिपीत लिहितात, त्यांचे वेगळेच.

यावर आमचा उपाय चिठ्ठ्यांचा. प्रश्न कसाही लिहिलेला असो, त्यावर ठरलेली चिठ्ठी लावायची. डिस्कोर्स आणि अपाचे आन्सर या दोन्हींत चिठ्ठ्यांना समानार्थी शब्द जोडता येतात: साका आणि स्पॉंजी टिश्यू एकाच ठिकाणी, कल्टार आणि पॅक्लोब्युट्राझोल एकाच ठिकाणी. आमच्याकडे हे काम एक निवृत्त शिक्षिका बाई करतात. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे बसतात, शुद्धलेखनही हळूच सुधारतात. कोणत्याही शोधयंत्रणेपेक्षा त्यांचा उपयोग जास्त झाला.

निवडण्याआधी एक परीक्षा घ्याच. व्हॉट्सॲपवरचे खरे दहा प्रश्न जसेच्या तसे टाका आणि मग वेगवेगळ्या रूपांनी शोधून बघा. 'हॅलो, टेस्ट' टाकून काही कळत नाही.

बटणे आणि सूचना मराठीत करायच्या असतील तर क्वेश्चनटूआन्सरमध्ये ती वाक्ये साध्या पीएचपी फायलींत असतात. त्यांची प्रत काढून शेजारी मराठी लिहायचे, एवढेच. 'अपव्होट'चे आम्ही 'पटले' केले. 'मतदान करा' लिहिले होते तेव्हा एका आजोबांनी कुठल्या निवडणुकीचे म्हणून विचारले होते.

मायएसक्यूएलमध्ये मराठीचे प्रश्नचिन्ह होते, असे ऐकले...

ते डेटाबेसचा अक्षरसंच चुकल्याने. यूटीएफ-८ च्या जुन्या तीन बाइटवाल्या संचातही देवनागरी बसते, पण इमोजी बसत नाही, आणि आपल्या लोकांच्या प्रश्नात हात जोडलेला इमोजी असतोच. म्हणून पहिल्यापासून चार बाइटवाला, म्हणजे यूटीएफ८एमबी४, निवडा.

लिंक हातभर लांब का येते?

प्रश्नाचे शीर्षक पत्त्यात जाते आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तिथे नऊ इंग्रजी चिन्हांचे होते. नुसत्या 'आंबा' या शब्दाची छत्तीस. व्हॉट्सॲपवर अशी लिंक पाठवली की लोकांना ती फसवणुकीची वाटते आणि कोणी उघडत नाही. डिस्कोर्समध्ये पत्त्यात शीर्षक घालायचे की नाही याची सेटिंग आहे. बाकीच्यांत प्रश्नाच्या क्रमांकापर्यंतच पत्ता ठेवून पान उघडते का ते करून पाहा, आणि तेवढाच पाठवा.

आमच्या लोकांना ईमेल माहीत नाही. लॉगिनचे काय?

माहीत नसला तरी असतो. अँड्रॉइड फोन घेताना दुकानात कोणीतरी गूगल खाते काढून दिलेलेच असते. म्हणून 'गूगलने आत या' हे बटण हवेच. डिस्कोर्समध्ये ते मुळात आहे, क्वेश्चनटूआन्सर आणि अपाचे आन्सरमध्ये जोडणीने येते.

मोबाइलवर ओटीपी पाठवायची कल्पना सगळ्यांना सुचते. भारतात त्यासाठी डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर, नोंदणी करावी लागते, संदेशाचा मजकूरही आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि दर संदेशाला पैसे. लहान गटाने त्या वाटेला जाऊ नये.

वाचायला मात्र लॉगिन ठेवू नका. दहातले नऊ जण फक्त वाचायलाच येतात.

नेट धड नाही. वाडीत एकच कांडी रेंज.

मग हलके पान घ्या. डिस्कोर्स पहिल्यांदा उघडताना बरीच जावास्क्रिप्ट उतरवून घेते, मग वेगात चालते. क्वेश्चनटूआन्सरचे पान सर्व्हरवरच तयार होऊन येते, म्हणून पडक्या रेंजमध्येही उघडते. खरी अडचण फोटोंची. पानावरचा डाग दाखवायला पाच एमबीचा फोटो कशाला? अपलोड होताना आकार कमी होतो का ते तपासा. आणि फोटोत बागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात, तेही काढले जातात का बघा.

वजा मत ठेवावे का?

आम्ही बंद केले. शहरातल्या अनोळखी लोकांत ते ठीक असेल. इथे उत्तर देणारे आबा आणि वजा मत देणारा त्यांच्या चुलत्याचा मुलगा असतो, आणि दोघांची गाठ शनिवारी बाजारात पडायची असते. कोणी दिले ते दिसत नाही, असे सांगून उपयोग नाही. अंदाज बांधले जातात, आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. चुकीच्या उत्तराखाली नम्रपणे दुरुस्ती लिहावी, ती लोकांना पटली की वर चढते.

गुणांचेही तसेच. क्वेश्चनटूआन्सरमध्ये कशाला किती गुण ते आपण ठरवू शकतो. प्रश्न विचारण्याचे गुण आम्ही शून्यावर आणले, कारण गुणांसाठी लोक काहीही विचारू लागले होते.

कोणी चुकीचे औषध सांगितले आणि बाग गेली तर?

हा प्रश्न सॉफ्टवेअर निवडतानाच विचारा, मागाहून नव्हे.

विचारणाऱ्याने केलेली 'लागू पडले' ही खूण म्हणजे शास्त्रीय शिक्कामोर्तब नव्हे. त्याच्या बागेत त्या आठवड्यात फरक पडला, एवढाच तिचा अर्थ. कदाचित ढग गेले म्हणूनही पडला असेल. स्टॅक ओव्हरफ्लोनेही २०२१ मध्ये स्वीकृत उत्तर आपोआप सर्वांत वर ठेवणे बंद केले आणि मतांना महत्त्व दिले. तुमच्या सॉफ्टवेअरात ही खूण आणि क्रम वेगळे करता येतात का ते पाहा.

दुसरे, उत्तर शिळे होते. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी आणली. त्याआधीच्या वह्यांत, पत्रकांत त्याचे नाव सापडतेच, आणि कोणीतरी ते जसेच्या तसे टाकतो. म्हणून जुने उत्तर दुसऱ्याला सुधारता आले पाहिजे, आणि कोणी काय बदलले त्याचा इतिहास दिसला पाहिजे. ही सोय नसलेले सॉफ्टवेअर शेतीसाठी घेऊच नका.

आमचा नियम साधा आहे. औषधाचे नाव आले की प्रमाण, किती पाण्यात आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचे हे लिहायलाच हवे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या मोहोर संरक्षणाच्या वेळापत्रकाशी ते जुळत नसेल तर तसे स्पष्ट म्हणायचे. अनुभव वेगळा असू शकतो, पण वेगळा आहे हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. औषध विकणाऱ्याने आपण विकतो हे आधी सांगायचे.

सर्व्हर ऑफिसातच ठेवला तर भाडे वाचेल ना?

भाडे वाचेल, साइट वाचणार नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आले, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते, आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडाले. अशा वेळी वीज किती दिवस जाते ते वेगळे सांगायला नको. भाड्याचाच सर्व्हर घ्या.

बॅकअप मात्र आपल्याकडे हवा, आणि तोही एकाच तालुक्यात नको. आमची एक प्रत ठाण्यात असते. क्वेश्चनटूआन्सर फोटोसुद्धा मूळ मांडणीत डेटाबेसमध्येच ठेवते, त्यामुळे एकाच फाइलीत सगळे येते, पण ती फाइल फुगते. वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या ठिकाणी उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न फोडलेला नारळ. आत काय निघेल सांगता येत नाही.

कायद्याचे काही करावे लागते का?

माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. फोन नंबर, सातबारा असली माहिती प्रश्नात कोणी टाकली तर काढून टाका. उत्तरे कोणाची, हेही सुरुवातीलाच लिहून ठेवा. आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देऊन वापरू देणारा परवाना लावला.

पुढे सॉफ्टवेअर बदलावेसे वाटले तर?

डिस्कोर्सकडे जाण्याची वाट बऱ्यापैकी मळलेली आहे. क्वेश्चनटूआन्सर आणि आस्कबॉट या दोन्हींतून माहिती ओढून घेणाऱ्या स्क्रिप्ट त्यांच्या कोडमध्येच आहेत. एका झटक्यात सगळे जमेल असे समजू नका, गुण आणि टिप्पण्या कुठेतरी अडकतातच. पण प्रश्न आणि उत्तरे निघतात, आणि तीच खरी मालमत्ता.

सुरू कधी करावे?

मार्च ते मे मुळीच नको. तेव्हा पेट्या भरायच्या की प्रश्न लिहायचे? आम्ही पावसात तयारी केली. व्हॉट्सॲपवरून जुने प्रश्न वेचले, उत्तर देणाऱ्यांची परवानगी घेतली आणि साठेक प्रश्नोत्तरे आधीच भरून ठेवली. रिकाम्या घरात पाहुणा थांबत नाही.

मग गणपतीत उघडले. चाकरमानी मुले घरी आलेली असतात. आरती झाली की प्रत्येकाने आपल्या बाबांच्या फोनवर साइट उघडून द्यायची, गूगलने आत शिरवायचे आणि होम स्क्रीनवर चिन्ह ठेवायचे, असे ठरवून दिले होते. पाच दिवसांच्या गणपतीत जेवढे लोक आत आले, तेवढे नंतरच्या अख्ख्या वर्षात आले नाहीत.

पहिला नवा प्रश्न दीड दिवसाच्या विसर्जनाच्या रात्री आला. एका काकांनी विचारले होते, पासवर्ड विसरलो तर काय करू.